रेडिओ का घुमतो?

कामगार संघटनेचे काम करणारा माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, असे आपण गृहीत धरता. आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. आज मात्र आम्ही अगदी निराळा विषय घेऊन आलो आहोत. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ दुरुस्त करून सुरू केला, की पुष्कळदा गाण्यामागे आणि बातम्यांमागे एक अखंड ‘घूं’ असा आवाज येत राहतो. दुरुस्ती करणारे त्याला ‘हमिंग’ म्हणतात. घरची माणसे ‘रेडिओ घुमतो’ अशी तक्रार करतात. हा आवाज का येतो, आणि तो नेमका कोठून येतो हे कसे शोधून काढावे, एवढाच आजचा विषय आहे.

या विषयावर बोलण्यास आमच्यापाशी कोणतीही पदवी नाही. शाळा सातवीत सुटली. त्यानंतर काही वर्षे एका दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी केली आणि उरलेली विद्या रद्दीच्या दुकानात मिळालेल्या पुस्तकांतून, चुका करीत करीत मिळवली. त्यांपैकी एक चूक अगदी अलीकडची आहे, आणि तीच सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना रेडिओ आहे. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी तो दिला. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या वडिलांनी तो १९६० च्या सुमारास हप्त्याने घेतला होता. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागली, की अर्धी चाळ त्यांच्या दारात बसत असे. पुढे कित्येक वर्षे तो माळ्यावर पडून होता. आमच्या एका सभासदाचा मुलगा, आय.टी.आय. झालेला, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे रेडिओचे काम शिकावयास येई. त्याने दोन महिने खपून रेडिओ साफ केला, जुने कागदी कंडेन्सर काढून नवे घातले, फिल्टरचे कंडेन्सर बदलले. रेडिओ बोलू लागला, पण घुमू लागला. अण्णा म्हणाले, “आवाज येतो रे, पण अंगात ताप असल्यासारखा येतो.” आम्ही चार माणसांदेखत त्या मुलाला म्हणालो, “स्वस्तातला कंडेन्सर घातलास, दुसरे काय!” तो काही बोलला नाही. हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवून निघून गेला, आणि पुढच्या रविवारी आला नाही.

तो खरोखर दोषी होता काय, हे आम्ही शेवटी सांगू. त्याआधी घूं म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे.

घूं कोठून येते?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टांची असते, आणि ती एका दिशेने वाहत नाही. सेकंदातून पन्नास वेळा ती जाते आणि पन्नास वेळा परत येते. यालाच ए.सी. म्हणतात. रेडिओतील व्हॉल्व्हांना मात्र एका दिशेने, न हलता वाहणारा सुमारे अडीचशे व्होल्टांचा डी.सी. दाब लागतो. तेव्हा प्रत्येक रेडिओच्या पोटात हेलकावे खाणाऱ्या विजेला स्थिर करणारा एक विभाग असतो. हे काम जेथे अपुरे होते, तेथे विजेचे हेलकावे लाउडस्पीकरपर्यंत पोहोचतात, आणि आपल्याला घूं ऐकू येते.

हा विभाग तीन टप्प्यांनी काम करतो. पहिला ट्रान्सफॉर्मर, तो दाब हवा तेवढा करून देतो. दुसरा रेक्टिफायर, हा विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा होय. पुष्कळ रेडिओंत ई.झेड. ८० नावाचा व्हॉल्व्ह हे काम करतो. त्यात दोन प्लेटी असतात. जाणारा हेलकावा एक प्लेट घेते, येणारा दुसरी. त्यामुळे सेकंदाला पन्नास आवर्तनांचे शंभर धक्के होतात. तिसरा टप्पा फिल्टरचा, म्हणजे मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांचा.

कंडेन्सरचे काम घरातल्या पाण्याच्या टाकीसारखे आहे. नगरपालिकेचे पाणी घटकाभर येते आणि जाते; पण टाकी भरलेली असली तर नळाची धार दिवसभर सारखी राहते. टाकी लहान असली, तर पाणी पुन्हा येण्यापूर्वीच धार बारीक होते. थोडा हिशेब करू. समजा, रेडिओला ६० मिलिॲम्पियर प्रवाह लागतो, आणि पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडचा आहे. दोन धक्क्यांमधला काळ सेकंदाचा शंभरावा भाग. एवढ्या वेळात कंडेन्सरवरचा दाब ढोबळमानाने १२ व्होल्टांनी उतरतो आणि पुन्हा चढतो. तोच कंडेन्सर वाळून १० मायक्रोफॅरडएवढाच उरला असेल, तर हाच हिशेब ६० व्होल्टांवर जातो.

बारा व्होल्टांचा हेलकावाही पुढच्या नाजूक व्हॉल्व्हांना चालत नाही. म्हणून पहिल्या टाकीनंतर एक रेझिस्टन्स किंवा तारेच्या वेढ्यांचा चोक, आणि त्यानंतर दुसरी टाकी अशी योजना असते. रेझिस्टन्स १००० ओहमचा आणि दुसरा कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडचा असेल, तर शंभर आवर्तनांच्या हेलकाव्याला हा कंडेन्सर जेमतेम ३२ ओहमचा अडथळा वाटतो. म्हणजे हेलकाव्याचा सुमारे तिसावा भागच पुढे जातो. बाराचे अर्ध्या व्होल्टाहून कमी उरतात. शेवटच्या, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट मात्र पुष्कळ रेडिओंत पहिल्या टाकीवरच जोडलेली असते. त्या जातीच्या व्हॉल्व्हला प्लेटवरचा हेलकावा फारसा जाणवत नाही, हे ठाऊक असूनच आखणी करणाऱ्याने तशी काटकसर केलेली असते. ग्रिडवर आलेला हेलकावा मात्र त्याला लगेच जाणवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

आधी जीव, मग रेडिओ

शोधाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट बजावून सांगणे आमचे कर्तव्य आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओतील दाबाने माणूस मरू शकतो. रेडिओ बंद केला, पिना काढल्या, तरी कंडेन्सरांत वीज साठून राहते. काही हजार ओहमचा रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या चिमट्याने लावून ती उतरवावी, आणि ती खरोखर उतरली हे मीटरवर पाहावे, मगच हात घालावा.

दुसरी गोष्ट याहून कपटी आहे. काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच नसतो. एकेकाळी आपल्या देशातील काही शहरांच्या काही भागांत डी.सी. वीज मिळत असे. तेथेही चालावेत म्हणून ए.सी.-डी.सी. दोन्हींवर चालणारे रेडिओ निघाले. त्यांत व्हॉल्व्हांचे हीटर एकामागून एक माळेसारखे जोडलेले असतात, आणि रेडिओचा पत्र्याचा सांगाडा, म्हणजे चॅसी, घरच्या विजेच्या एका तारेला थेट जोडलेली असते. पिना उलट्या लागल्या की ती सारी चॅसी जिवंत होते. बटणाच्या आतला उघडा स्क्रू जरी बोटाला लागला, तरी धक्का बसतो. अशा चॅसीला घूं घालवण्यासाठी अर्थिंगची तार कधीही जोडू नये. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी हा रेडिओ उघडूच नये, आणि ज्यांना आहे त्यांनीही मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ठेवल्यावाचून उघडू नये.

माळ्यावरचा रेडिओ उत्साहाच्या भरात एकदम विजेवर लावणे हेही चुकीचे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर विरलेला असतो. एकदम पूर्ण दाब आला, की तो गळू लागतो, तापतो, आणि प्रसंगी फुटतो. जुन्या दुकानांत सिरीज बोर्ड असे; त्यावर तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब रेडिओच्या वाटेत घालीत. बल्ब लागून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळत राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. हल्लीचे एल.ई.डी. बल्ब या कामाला चालत नाहीत.

कानाची परीक्षा

आता शोध. पहिले हत्यार मीटर नव्हे, कान. आणि कानाने पहिला प्रश्न असा विचारावा, की आवाज लाउडस्पीकरमधून येतो, की पेटीतून? ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या सैल झाल्या, तर त्या स्वतःच सेकंदाला शंभर वेळा थरथरतात आणि लाकडी पेटी तो आवाज मोठा करते. वर्तमानपत्राची नळी करून एक टोक कानाला लावावे आणि दुसरे, तारांपासून दूर ठेवून, आधी स्पीकरच्या जाळीकडे, मग ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला न्यावे. पट्ट्यांचा आवाज असेल, तर वीज बंद करून बोल्ट आवळावेत आणि खाली रबराची चकती घालावी. या एका दोषापायी चांगले कंडेन्सर बदलून टाकलेले आम्ही पाहिले आहेत.

आवाज स्पीकरमधूनच येत असेल, तर दुसरा प्रश्न. तो पन्नासाचा आहे, की शंभराचा? गाणे जाणणाऱ्यांना सांगावयाचे, तर दोन्ही एकाच स्वराचे असून त्यांत एका सप्तकाचे अंतर आहे. शंभराचा आवाज भरीव, सहज ओळखू येणारा असतो. पन्नासाचा फार खोल. लहान स्पीकर तो नीट काढूही शकत नाही, मात्र स्पीकरच्या कागदाजवळ बोट नेले तर हवा हललेली कळते. सवय नसेल, तर हल्ली मोबाइलवर आवाजातील आवर्तने दाखविणारे ॲप मिळते. मात्र मोबाइलचा मायक्रोफोन अगदी खालचे स्वर कमी पकडतो, हे ध्यानात ठेवावे.

हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा, की दोन प्लेटींच्या रेक्टिफायरमागून येणारा हेलकावा शंभराचा असतो, तर व्हॉल्व्हचे हीटर थेट ए.सी.वर तापत असल्यामुळे त्यांच्याकडून गळणारा आवाज पन्नासाचा असतो. तेव्हा शंभर ऐकू आले, तर संशय फिल्टरकडे जातो. पन्नास ऐकू आले, तर हीटरकडे, किंवा रेक्टिफायरची एक बाजू बंद पडली आहे काय, याकडे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओत मात्र ही खूण फसवते. तेथे यू.वाय. ८५ सारखा एका प्लेटीचा रेक्टिफायर असतो, म्हणून फिल्टरचा दोषही पन्नासाचाच येतो. फिल्टरचा आवाज तेथे कर्कश, करवतीच्या दातांसारखा असतो. हीटरचा गुळगुळीत असतो. कान तयार झाला, म्हणजे हा भेद कळतो.

तिसरा प्रश्न. घूं सतत आहे, की फक्त स्टेशन लागले म्हणजेच येते? दोन स्टेशनांच्या मध्ये शांत आणि स्टेशनावर आले की घूं, असे असेल, तर फिल्टरला दोष देऊ नये. घरच्या विजेच्या तारा स्वतःच लहरी पकडतात, आणि रेक्टिफायरच्या उघडझापीबरोबर त्या लहरी कापल्या जाऊन आत येतात. जुने कारागीर यासाठी रेक्टिफायरच्या प्लेटेवर एक लहान, उंच दाबाचा कंडेन्सर चॅसीशी लावीत. दुरुस्तीत तो निरुपयोगी समजून काढून टाकला जातो, आणि मग हा उपद्रव सुरू होतो. आजच्या घरात मोबाइलचे चार्जर आणि एल.ई.डी. दिवे यांचीही चरचर त्यात मिसळते. घरातील दिवे व चार्जर एकेक करून बंद करून पाहावेत. यासाठी रेडिओ उघडावा लागत नाही.

घूं आत कोठे शिरते?

आवाज ओळखला, आता जागा शोधावयाची. रेडिओ ही एक वाट आहे. एका टोकाला एरियल, दुसऱ्या टोकाला स्पीकर, आणि मध्ये व्हॉल्यूम कंट्रोल. म्हणून व्हॉल्यूम पूर्ण खाली करून पाहावे. घूं नाहीशी झाली, तर ती कंट्रोलच्या आधी शिरते आहे. तशीच राहिली, तर नंतर. या एका हालचालीने अर्धा रेडिओ निर्दोष ठरतो. बटण मधोमध असताना घूं सर्वांत जास्त, आणि कंट्रोलच्या तारेजवळ बोट नेले की वाढते, असे झाले तर त्या तारेवरचे जाळीचे आवरण चॅसीशी जोडलेले आहे काय ते पाहावे. दुरुस्तीत ते टोक पुष्कळदा सुटते.

व्हॉल्यूम शून्यावर असूनही घूं तशीच असेल, तर आउटपुटच्या आधीचा, ध्वनी वाढविणारा पहिला व्हॉल्व्ह सॉकेटातून काढून पाहावा. घूं गेली, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या आधी आहे. राहिली, तर पुढे. मात्र ही युक्ती ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओतच चालते. हीटरची माळ असलेल्या रेडिओत एक व्हॉल्व्ह काढला, की सगळेच विझतात, आणि त्या शांततेवरून काहीच सिद्ध होत नाही. तेथे ०.१ मायक्रोफॅरडचा चांगल्या दाबाचा कंडेन्सर घेऊन एकेका ग्रिडवरून चॅसीला लावून पाहावे. ज्या ग्रिडवर लावल्याने घूं थांबते, ती त्या ग्रिडवर किंवा तिच्या आधी शिरते आहे.

येथे एक नियम आम्ही सर्वांना सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदल होण्यापूर्वीची व नंतरची स्थिती वहीत लिहावी. पाच कंडेन्सर एकदम बदलले आणि घूं गेली, तर कोणामुळे गेली हे कळत नाही. आणि नवी आली, तर कोणामुळे आली हेही कळत नाही.

नेहमीचे संशयित

फिल्टरचा कंडेन्सर वाळणे हा सर्वांत वारंवार आढळणारा दोष, यात शंका नाही. तो तपासण्यासाठी वीज बंद करून जुन्याला समांतर एक चांगला कंडेन्सर जोडावा आणि पुन्हा सुरू करून ऐकावे. घूं स्पष्टपणे घटली, तर दोष सापडला. पण पाच पट मोठा कंडेन्सर घातला म्हणजे पाच पट चांगले, असे नव्हे. ई.झेड. ८० साठी पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्यापुढे प्रत्येक धक्क्याचा प्रवाह इतका वाढतो, की व्हॉल्व्हचे आयुष्य घटते.

दुसरा संशयित आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा लहानसा कागदी कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हवरचा डी.सी. दाब अडवून फक्त आवाज पुढे पाठविणे हे त्याचे काम. तो गळू लागला, की ग्रिड धन होते, आउटपुट व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि फिल्टर धडधाकट असूनही त्याला ओझे पेलत नाही. दिसते घूं, मूळ असते दुसरीकडे. व्हॉल्व्हला चॅसीशी जोडलेल्या कॅथोड-रेझिस्टन्सवरून बायस मिळत असेल, तर ग्रिडवर चांगल्या मीटरने जवळजवळ शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत. धन दाब दिसला, तर आउटपुट व्हॉल्व्ह क्षणभर काढून पाहावा. दाब तसाच राहिला, तर कंडेन्सर गळतो. गेला, तर व्हॉल्व्हच बिघडला आहे.

तिसरा, हीटर आणि कॅथोड यांच्यामधली गळती. हा पन्नासाचा आवाज. व्हॉल्व्ह बदलून पाहिल्याने कळतो. चौथा, हीटरच्या तारा. कारखान्यात त्या एकमेकींभोवती पिळून, चॅसीला चिकटवून नेलेल्या असतात, आणि एक बाजू किंवा मधला फाटा चॅसीशी जोडलेला असतो. दुरुस्तीत त्या सुट्या, उंच उचललेल्या राहिल्या, किंवा ती एक जोडणी निसटली, की घूं येते.

पाचवा संशयित म्हणजे दुरुस्ती करणारा स्वतः. हे आम्ही विनोदाने म्हणत नाही. रेडिओ आधी घुमत नव्हता आणि दुरुस्तीनंतर घुमू लागला, तर जुन्या भागांपेक्षा नव्या जोडणीकडे आधी पाहिले पाहिजे.

कचेरीतल्या रेडिओचा निकाल

आता अण्णांच्या रेडिओकडे परत येऊ. मुलगा येईनासा झाल्यावर, आपले म्हणणे खरे करून दाखवावे म्हणून आम्ही चांगल्या प्रतीचे कंडेन्सर विकत आणले आणि त्याने घातलेल्यांना समांतर लावले. घूं घटली तर नाहीच, उलट किंचित वाढल्यासारखी वाटली. म्हणजे आमचा आरोप पहिल्याच चाचणीत पडला.

तेव्हा आम्ही वही काढून पहिल्यापासून सुरुवात केली. कागदाची नळी, आवाज स्पीकरचा. कानाने शंभराचा. स्टेशन असो वा नसो, सारखाच. व्हॉल्यूम शून्यावर, फरक नाही. ध्वनीचा पहिला व्हॉल्व्ह काढला, फरक नाही. आता आउटपुट व्हॉल्व्ह ई.एल. ८४, त्याच्या ग्रिडवर ०.१ चा कंडेन्सर चॅसीला लावला. घूं जवळजवळ गेली!

या ठिकाणी आम्ही बराच वेळ थांबलो. घूं ग्रिडवरून शिरते आहे, पण ग्रिडकडे आवाज आणणारा व्हॉल्व्ह तर आम्ही काढून टेबलावर ठेवला आहे. मग ती आली कोणत्या वाटेने? ग्रिडला दुसरी एकच वाट होती: ग्रिडपासून निघणारा मोठा रेझिस्टन्स. तो चॅसीला जात असेल अशी आमची समजूत होती. तार बोटाने धरून पाहिली, तर तो चॅसीला जात नव्हता. तो जात होता ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्याच्या मधल्या फाट्याला. आणि तो फाटा १२० ओहमच्या एका रेझिस्टन्समधून चॅसीला जोडलेला होता.

याचा अर्थ असा. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला सुमारे सात व्होल्टांचा ऋण दाब लागतो. तो मिळविण्यासाठी काही रेडिओंत साऱ्या रेडिओचा प्रवाह एका लहान रेझिस्टन्समधून परत नेतात. ६० मिलिॲम्पियर गुणिले १२० ओहम, म्हणजे ७.२ व्होल्ट, फुकटात मिळालेला ऋण दाब. पण या योजनेला एक अट आहे. पहिल्या फिल्टर कंडेन्सरचे निगेटिव्ह टोक चॅसीला नव्हे, तर थेट त्या मधल्या फाट्याला जोडले पाहिजे. कंडेन्सर भरताना जे जोरदार धक्के येतात, ते मग ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कंडेन्सर एवढ्यातच फिरतात. रेझिस्टन्समधून जातो तो बहुतांशी शांत प्रवाह. निगेटिव्ह टोक चॅसीला लावले, तर हेच धक्के, सरासरीच्या अनेक पट उंचीचे, त्या १२० ओहममधून जातात आणि सेकंदाला शंभर वेळा सरळ ग्रिडवर आदळतात. आमचे समांतर कंडेन्सरही चॅसीलाच लावलेले होते. त्यांनी धक्के आणखी उंच केले, म्हणून घूं वाढली.

नव्या कंडेन्सरांची निगेटिव्ह टोके चॅसीला जोडलेली होती. जुन्या कंडेन्सरची पत्र्याची डबी शोभेसाठी वर तशीच ठेवलेली होती. तिच्या बुडाशी पाहिले, तर चॅसी आणि डबी यांच्यामध्ये तपकिरी फायबरची एक चकती होती. कारखान्यात कोणा कामगाराने ती तेथे बसविली होती, ती डबी चॅसीला लागू नये म्हणूनच. कारखान्यात विनाकारण चकती बसवीत नाहीत. प्रत्येक चकतीचा हिशेब असतो, हे गिरणीच्या दारात आयुष्य घालविलेल्या आम्हाला ठाऊक असावयास हवे होते.

मुलाला ते का समजले नाही? कारण, श्रोतेहो, “निगेटिव्ह म्हणजे चॅसी, डोळे मिटून जोडावी” हे वाक्य त्याला आम्हीच शिकविले होते. बहुतेक रेडिओंत ते खरे असते. या रेडिओत नव्हते. त्याने आमचे ऐकले, आणि शिक्षाही आमच्याच हातून खाल्ली. चौकशीवाचून कामगाराला दोषी ठरवू नये, आरोप ठेवला तर पुरावा दाखवावा, म्हणून आम्ही आयुष्यभर मालकांच्या टेबलावर मूठ आपटत आलो. आणि आमच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराचा निकाल लावावयास आम्हाला एक मिनिटही लागले नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो. कंडेन्सर चांगले होते, आणि चूक आमच्या शिकवण्यात होती, हे त्याला सांगितले. तो म्हणाला, “काका, मला वाटलं होतं ती चकती कशाला आहे ते विचारावं. पण तुम्ही रागावाल म्हणून विचारलं नाही.” पुढच्या रविवारी त्याच चार माणसांना आम्ही कचेरीत बोलावले आणि हीच गोष्ट त्यांच्यासमोर सांगितली, कारण बदनामी चारचौघांत झाली असेल, तर खुलासाही चारचौघांतच झाला पाहिजे. निगेटिव्ह टोके चॅसीवरून काढून मधल्या फाट्याला डाग देण्याचे काम त्याने केले. पाच मिनिटांचे काम होते. रेडिओ तापला, स्टेशन लागले. अण्णांनी कान पुढे केला आणि म्हणाले, “उतरला ताप.”

जाळीला कान लावला, तर अगदी मंद घूं अजून ऐकू येते. तेवढी नवा असतानाही असणार. व्हॉल्व्हच्या रेडिओत ती पूर्ण शून्य होत नाही, आणि तिच्यामागे लागून चांगल्या वस्तूची मोडतोड करू नये.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा रेडिओ असेल, तर तो दुकानात नेण्यापूर्वी न उघडता चार गोष्टी कागदावर लिहून न्या: घूं स्पीकरमधून येते की पेटीतून, व्हॉल्यूम कमी केल्याने घटते की नाही, स्टेशन नसतानाही येते काय, आणि ती दुरुस्तीच्या आधीपासून होती की नंतर आली. एवढे सांगितले, तर कारागिराचे अर्धे काम वाचेल. आणि जो शिकतो आहे, त्याने एखादा भाग काढण्यापूर्वी तो कोठे कसा जोडलेला होता, याचे चित्र काढून ठेवावे. आमचा तो मुलगा हल्ली मोबाइलवर छायाचित्र घेतो. चकतीसारखी काही वस्तू दिसली, तर ती कशासाठी आहे, हेही तो आता विचारतो. आणि आम्हाला ठाऊक नसेल, तर आम्ही तसे सांगतो आणि दोघे मिळून तार धरून पाहतो.